दीडटप्पी

वहीच्या पहिल्या पानावर ग्रझिनाच्या बेकरीतलं पीठ सांडलंय,
त्यामुळे नियम पहिला पुसट दिसतो:
बाजूला चार-चार भिडू, पाचवा पाठच्या रेघेवर उकिडवा.
गुडघे धड नसतील तर उलटी बादली चालेल.
खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही.
खो पाठीवर द्यायचा, हळू, आणि तोंडानेही म्हणायचा.
नॉर्मन ग्रीनवुड 'को' म्हणतो. चालतं.

चेंडू व्हॉलीबॉलचा, हवा थोडी कमी.
जाळं टेनिसचंच; ते काढायला परवानगी नाही,
कौन्सिलची पाटी तसं म्हणते.
आणखीही बरंच म्हणते, पण खालच्या तीन ओळी
शेवाळाने खाल्ल्यात,
त्यांच्याच भरवशावर आम्ही खेळतो.

पहिला हात तळव्याचा. दुसरा हात पायाचा,
हसू नका, वहीत तसंच आहे.
तिसरा कशाचाही, फक्त रागाचा नको.
हे जुबैरने घातलं, बसची डबल ड्युटी करून आलेल्या शनिवारी.
त्या दिवशी तिसरा हात त्याचाच होता.

टप्पा एक चालतो. दुसरा पडला की गुण गेला.
पण टॉडमॉर्डनच्या या कोर्टाला डाव्या अंगाला
सर्व्हिसच्या रेघेपासून कुंपणापर्यंत एक भेग होती,
भेगेत गवत.
तिच्यावर पडलेला चेंडू उसळायचा नाही,
नुसता उसासा टाकून सरकायचा.
हा टप्पा धरायचा की नाही?
दोन शनिवार आम्ही खेळलोच नाही, भांडलो.
डोंगरावरचं धुकं उतरून जाळ्याशी येऊन उभं राहिलं
तरी भांडलो.
शेवटी मी म्हटलं, अर्धा धरू.
एक आणि अर्धा, दीड.
खेळाला नाव तिथून मिळालं,
आणि मला वही.

वही इंग्रजीत आहे. समासात मात्र मराठी,
कोण रडीचा डाव खेळतो, कोणत्या तारखेला,
ते माझ्यापुरतं.

अकरावा नियम मी वाईच्या शाळेतून पळवून आणला:
लिंबूटिंबू.
जो सगळ्यांबरोबर खेळतो आणि कधीच बाद होत नाही.
वय सात वर्षांखालील.
समजावताना माझी धांदल उडाली.
लिंबू कशाला? लहान असतं म्हणून.
मग टिंबू?
लिंबूला एकटं वाटू नये म्हणून.

तेव्हा लिंबूटिंबू टिली होती.
आता ती बापाच्या डोक्यावरून सर्व्हिस करते.
आणि मार्चपासून नॉर्मन गुण विसरतो,
कधी बाजू विसरतो,
जाळ्यापलीकडे जाऊन
आमच्याच चेंडूची वाट बघत उभा राहतो.
कुणी काही बोललं नाही. ठराव झाला नाही.
टिलीने माझ्याकडून पेन घेतलं
आणि अकराव्यातलं 'सात वर्षांखालील' खोडलं.
नॉर्मन तीस वर्षं शाळेचा शिपाई होता,
खोडलेलं वाचता येतं त्याला.
बराच वेळ वहीकडे बघत राहिला, मग म्हणाला,
"यातला मी कोणता? लिंबो की टिंबो?"

ऑगस्टात कौन्सिलने कोर्ट नवं केलं. निळंशार.
भेग गेली. शेवाळ गेलं. पाटी अजून यायची आहे.
चेंडू आता सगळीकडे सारखाच उसळतो,
शहाण्या मुलासारखा.
चौथ्या नियमाचं काय करायचं?
खोडा, ग्रझिना म्हणाली.
जुबैरने खिशातून खडू काढला.
भेग होती तिथे आखायची, बस्स, सोपं.
पण प्रत्येकाची भेग वेगळीकडून जाऊ लागली,
माझी तर थेट कुंपणाबाहेर.
तेव्हा नॉर्मनने खडू घेतला.
वाकायला वेळ लागला. गुडघे वाजले.
आणि न थांबता, वर न बघता,
सर्व्हिसच्या रेघेपासून कुंपणापर्यंत
तो वाकडीतिकडी रेघ ओढत गेला,
मध्ये गवताच्या तीन काड्यासुद्धा.

बरोबर होती का, कुणास ठाऊक.
पहिलाच चेंडू नेमका तिच्यावर पडला
आणि टणकन छातीएवढा उसळला.
अर्धा! आम्ही सगळे ओरडलो.
बादलीवरून नॉर्मन म्हणाला,
छे. चांगला पूर्ण होता.

टिलीने चेंडू काखेत धरला.
मी वही उघडली.