हनुवटीखाली हात

राजारामपुरीत, सातव्या गल्लीच्या तोंडाला
डॉक्टर हावळांचा बोर्ड रंगवताना
पत्रा आखूड पडला.
नाव बसलं, डिग्री बसली,
मग तो शब्द आला, भूल देणाऱ्या डॉक्टरांचा,
इंग्रजी सतरा अक्षरांचा.
जिथं पत्रा संपला तिथं मी तो तोडला,
बारकी आडवी रेघ दिली
आणि उरलेला खाली घेतला.

इंगवले मॅडम स्कूटी थांबवून म्हणाल्या,
"दस्तगीर, ऊससुद्धा पेरावर तोडतात रे.
हात धर हनुवटीखाली. म्हण शब्द.
जितक्यांदा हनुवटी हाताला लागंल
तितके तुकडे."

शिडीवर उभ्या उभ्या म्हटलं:
अ‍ॅ. नेस्. थी. झी. ऑ. लॉ. जिस्ट.
सात.
दाढीला निळा रंग लागला.
"आणि भार पाचव्यावर," मॅडम म्हणाल्या,
"कुस्ती त्याची एकट्याची,
बाकीचे नुसते बघे."

बोर्ड तसाच राहिला. दुसऱ्या पत्र्याचे पैसे
कोण देतंय?
पण तो शब्द माझ्या जिभेला चिकटला.
भाकरी थापता थापता शमशाद मोजायची,
एका तुकड्याला एक थाप,
आणि दर वेळी सहाच भरायच्या.
"तुमचा एक खोटा हाय," म्हणायची.
बहुतेक झी.

मोहरमचे पंजे बसले त्या दिवशी
तिला झटका आला.
उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं,
बोलणं कुठं गेलं ते कळलंच नाही.

सीपीआरमधली शिकाऊ पोरगी सांगते,
सोपे शब्द द्या, काका. आई. पाणी. चहा.
शमशाद भिंतीकडं बघते.
साठीच्या बाईला काय आई आणि पाणी!

मग पोरगी गेली की
मी तिच्या हनुवटीखाली तळवा धरतो
आणि तोच म्हणतो.
अ‍ॅ.
काही नाही.
नेस्. थी.
डावा ओठ जरा हलतो,
हसली का दुखलं, ठरवता येत नाही.
नवव्या दिवशी झी-ला
तळव्यावर काहीतरी टेकलं,
कोंबडीनं दाणा टिपावा एवढंच.

मी पाचव्यासाठी श्वास घेतला,
सगळा भार गोळा केला,
तेवढ्यात तिनं मान मागं ओढली,
नाक आक्रसलं.
"हात," म्हणाली.
पंखा फिरत होता. शेजारच्या कॉटवर
कुणीतरी केळ सोलत होतं.
"धू."

टर्पेंटाइनचा वास.
तीस वर्षं हेच सांगत आलीय.