पाठचा भाऊ

नासारिओ थोरला. एलिसेओ त्याच्या पाठचा.
दोघांत अंतर चौदा महिन्यांचं,
एकाची दुपटी वाळायच्या आत दुसरा आला,
असं आई अजून सांगते.

आता अंतर कोर्टाने ठरवून दिलंय.

नकाशा आमच्या फ्रिजवर असतो, स्ट्रॉबेरीच्या चुंबकाखाली.
रेल्वेच्या रुळांपासून कोरड्या नदीपर्यंत
हिरव्या पेनाने आखलेला चौकोन.
त्यात शाळा येते, चर्च येतं, दाताचा डॉक्टर येतो,
आमचं घर तर येतंच.
ह्या चौकोनात यादीतल्या कुणाही दोघांनी
बरोबर उभं राहायचं नाही, बसायचं नाही, चालायचं नाही.
रात्री दहानंतर बाहेर दिसायचं नाही.
निळं काही घालायचं नाही.
एलिसेओकडे टोपी एकच होती, निळी,
मळ्याच्या मुकादमाने सगळ्यांना फुकट वाटलेली.

यादीत नाव कसं गेलं विचारता?
नासारिओच्या मनगटावर चार अक्षरं गोंदलेली आहेत,
ओहाकाच्या डोंगरातल्या आमच्या गावाची.
ते गाव त्याने कधी बघितलेलं नाही.
पोलिसाने विचारलं, ही कुठली टोळी?
तो म्हणाला, गाव आहे.
पोलिसाने लिहिलं, माहिती देण्यास नकार.

एलिसेओचं त्याहून सोपं.
त्याच्या रकान्यात एकच ओळ:
नासारिओबरोबर वारंवार दिसतो.
दिसणारच की!
एका गादीवर झोपत होते दोघं.

वकीलबाई म्हणाल्या, घरात चालेल, पायरीवर नाही.
म्हणून सकाळी एक निघतो,
दुसरा खिडकीशी थांबतो बुटाची नाडी हातात धरून,
पहिला कोपऱ्यावर वळेपर्यंत.

जूनमध्ये सायकलची चेन पडली.
नासारिओ गुडघ्यावर बसला,
एलिसेओने हँडल धरलं.
दोन मिनिटं. फार तर तीन.
फोटोत नासारिओची काळी झालेली बोटं स्पष्ट दिसतात,
चेन दिसत नाही.
थोरल्याला नव्वद दिवस.
सुटून आला तेव्हा पॅकिंगच्या शेडमध्ये
त्याच्या जागी दुसरा पोरगा उभा होता.

मी शेंडेफळ.
माझं नाव अजून शाळेच्या हजेरीपटाशिवाय
कुठल्या यादीत नाही.
म्हणून निरोप मी नेते. चार्जर मी नेते.
अर्धा टमाले कागदात गुंडाळून, गरम आहे तोवर,
ह्या फुटपाथवरून त्या फुटपाथवर.

रविवारी कपड्यांची पोतडी घेऊन
आम्ही पुलापलीकडे जातो. तिथे हिरवी रेघ संपते.
दोघं दोन वेगळ्या बसने येतात
आणि तिथल्या लाँड्रीत शेजारीशेजारी बसतात,
एकाच बाकावर, खांद्याला खांदा.
बोलत फारसे नाहीत.
मशीनच्या काचेतून फिरणारे कपडे बघतात,
कुणीतरी मॅच लावल्यासारखे.

मग चादरी निघतात.
चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात,
हे कोर्टाला माहीत नसावं.
दोन टोकं ह्याच्याकडे, दोन त्याच्याकडे,
ताणायची, झटकायची,
चालत पुढे यायचं,
आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची.
तिथे क्षणभर बोटांना बोटं लागतात.
मग खाली वाकून दुमड उचलायची, पुन्हा मागे.

आमच्याकडे चादरी तीनच.
तिसरी झाली की एलिसेओ तिच्याकडे बघतो,
म्हणतो, कोपरे जुळले नाहीत,
आणि उलगडतो.