आसां

बेतीच्या जेटीमागे बर्फाचा कारखाना.
मागच्या अंगाला पुनो गावडे,
रबरी बूट, हातात आकडा.
पुढे काउंटरवर फिलू, तिचा चष्मा, पावतीपुस्तक.
मध्ये भिंत.
भिंतीत खिडकी होती म्हणे; गारवा पळतो म्हणून
मार्सेलिनच्या बापानं ती चिऱ्यांनी बुजवली.

म्हणून पाइप.
लादी घसरणीवर गेली की पुनो पाइपवर टोला देतो,
पलीकडे फिलू रेघ ओढते.
चार उभ्या, पाचवी आडवी.

मार्सेलिन मला म्हणाला, हे सगळं कॉम्प्युटरवर घाल.

घातलं.
एकाच ॲप्लिकेशनच्या पोटात दोन प्रक्रिया:
मागची काट्याशी बोलते, फायली उघडते, हिशेब राखते,
पुढची म्हणजे नुसती खिडकी, आकडे, बटणं.
एकीला आठवतं ते दुसरीला दिसत नाही,
एकमेकींच्या फडताळात हात घालता येत नाही.
पाठवायचा तो निरोप,
तोही मूळ नव्हे, नक्कल,
सपाट करून, अक्षरांची माळ ओवून.
वजन जातं, वेळ जाते, होडीचं नाव जातं.
लादीचा गारवा जात नाही.
एकदा चुकून मी एक अख्खं फंक्शनच धाडायला गेले
तर उत्तर आलं: याची नक्कल होत नाही.
त्या ओळीकडे मी बराच वेळ पाहत बसले.

ऑगस्टात बंदी उठली, ट्रॉलर निघाले,
आणि रोज पहाटे पहिल्या तीन लाद्या
हरवू लागल्या.
मागच्या नोंदीत 'पाठवली, पाठवली, पाठवली',
पुढे शून्य.
कुठं लाल अक्षर नाही, तक्रार नाही.
मी काट्याला दोष दिला, केबलला दिला,
पुनोच्या ओल्या हातांनासुद्धा.

शेवटी पर्वरीहून चार वाजता स्कूटर काढली,
मागे उलट्या क्रेटवर जाऊन बसले.
आणि नेमके दिवे गेले.
काटा मेला, पडदा मेला. लादी तशीच उभी, वाफाळत.
पुनो आकडा धरून थांबलेला.
मग पाइपमधून दोन हलके टोले,
लोखंडाचे नव्हेत, किल्ल्यांचे.
तेव्हा कुठं त्यानं आपला टोला दिला.

ते काय होतं, मी विचारलं.
"फिलू गो. म्हणटा, आसां.
ती नासतना हाणलें जाल्यार
पायप कितें याद दवरता?"

पाइप लक्षात ठेवत नाही.
मागची झटकन जागी होऊन बोलत होती,
पुढचीनं अजून कान लावलेले नव्हते.
ऐकणारं कुणी नसलं की निरोप
परतही येत नाही.

तिथंच, लॅपटॉपच्या उरल्या बॅटरीवर, लिहिलं:
पुढचीनं आधी बोलायचं,
तोवर मागचीनं लाद्या रांगेत धरून ठेवायच्या.
निरोपाला नाव द्यावं लागतं.
'तयार' लिहिलं होतं. खोडलं. 'आसां' लिहिलं.

त्यानंतर एकही लादी हरवली नाही.
पण पुनो अजून थांबतो.
काट्यावर आकडा स्थिर, पडद्यावर हिरवी खूण,
तरी तो आकडा धरून उभा,
किल्ल्या वाजेपर्यंत.
दर लादीमागं चार सेकंद जातात,
मार्सेलिननं मोजलेत. म्हणाला, तेवढं काढून टाक.
मी म्हटलं, ते माझ्या कोडमध्ये नाही.