गुरुवारी पाणी बंद राहील

डायरी गेल्या सालची आहे.
औषध कंपनीचा माणूस ऋजुताच्या दवाखान्यात ठेवून गेला,
कोरीच राहिली, म्हणून माझ्याकडे आली.
रोज रात्री आधी छापील वार खोडतो,
सोमवारचा मंगळवार करतो,
मग लिहायला बसतो.
वर्षभर मी कागदाच्या एक दिवस पुढे.

लिहिण्याची सवय तशी नवी नाही.
एकतीस वर्षं पर्वतीच्या जलकेंद्रात
दर तासाला लिहीत आलो:
पातळी, पंप क्रमांक, क्लोरीन, गढूळपणा,
शेरा.
शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक वेळा "ठीक".
माझं अक्षर बरं, म्हणून मुलाणी त्याच्याही नोंदी
माझ्याकडून उतरवून घ्यायचा.
सही तेवढी त्याची.

निवृत्त झालो तेव्हा शाल, नारळ,
आणि एक भिंतीवरचं घड्याळ,
देतानाच पाच मिनिटं मागं असलेलं.
दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला जाग आली.
हात पेन शोधत होता.

ऋजुता म्हणाली, बाबा, आता स्वतःचं लिहा.
स्वतःचं म्हणजे काय लिहायचं?
पहिल्या रात्री लिहिलं:
दूध दीड लिटर. लाइट नऊ मिनिटं गेली होती. गुडघा.
एवढंच, गुडघा.

मग बसत गेलं ते.
जेवण, गोळ्या, बातम्या,
टेबलावरचं ऑइलक्लॉथ पुसून दहा ओळी. कधी चार.
गुरुवार तेवढा कोरा सोडायचो.
अख्ख्या पुण्याला ठाऊक, गुरुवारी पाणी बंद,
म्हटलं, आपणही एक दिवस दुरुस्तीसाठी.
कुमुद म्हणाली, दुरुस्ती कसली,
आळस म्हणा.

आषाढात कधीतरी मागची पानं चाळली.
सलग अकरा दिवस एकच शब्द: ठीक.
तोच उतार, तीच ठ ची गाठ.
त्याच अकरा दिवसांत
दिनूचा फोन मी तीनदा वाजू दिला होता.
धाकटा भाऊ. सख्खा.

ते अक्षर मला ओळखीचं होतं.
चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, पहाटे चारची नोंद
मी खुर्चीत बसून केली होती.
जिना उतरलो नव्हतो. टॉर्च उचलला नव्हता.
तीनच्या आकड्यातून अंदाजाने चार इंच वजा केले
आणि शेरा: ठीक.
काही झालं नाही.
सकाळी दत्तवाडीत, सहकारनगरात लोकांनी पिंपं भरली,
आकडा बरोबरही असेल.
पण मी पाहिलं नव्हतं.
हे कोणाला सांगितलं नाही आजवर,
समोरच्या बाकावर घोंगडीत झोपलेल्या मुलाणीलाही नाही.

बाराव्या रात्री ठ काढला आणि थांबलो.
मग, कसं सांगू,
टेबलाशी बसल्या बसल्या तो जिना उतरलो.
लोखंडी, ओला, सातवी पायरी हलणारी.
खाली भिंतीला फुटांची पट्टी असते,
आकड्यांवर शेवाळ,
आणि पाणी नेमकं कुठं टेकलंय
ते वाकल्याशिवाय दिसत नाही.

वाकलो.
लिहिलं: दिनूचा फोन मुद्दाम घेतला नाही.
त्याचा बाणेरला फ्लॅट झाला
ते मला बघवत नाही.
हप्ते फेडताना त्याची दमछाक होते
हे ऐकून परवा बरं वाटलं.
गढूळपणा: मर्यादेपेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला नाही.
तिसऱ्या दिवशीही नाही.
तेही लिहिलं, जसंच्या तसं, सही केली.

मग गुरुवार आला.
नळ कोरडा, कुमुदने भरून ठेवलेली घागर,
वर झाकण, झाकणावर पळी.
डायरी उघडली. छापील बुधवार खोडला.
बंदच्या दिवशीही टाकीत पातळी असतेच,
नोंदी त्या दिवशीही व्हायच्या,
हे माझ्याइतकं कोणाला माहीत.