जोडणीची ओळ

शिरोलीच्या फौंड्रीत, भट्टीशेजारच्या काचेच्या खोलीत
रात्री पावणेदोनला मेकफाईल उघडली.
सहा ओळी. त्यातली एकच कामाची,
भट्टी कशाकशाची झालीय ते सांगणारी:
चालू, आणि एक जागा सोडून, बंद.

चालू मी लिहिली होती.
बंद इरफान शिकलगारनं.

मार्चपर्यंत बंद नव्हतीच.
ब्रेक ड्रमचे अकराशे नग जायचे होते,
पडद्यावर तापमान दिसत होतं, तेवढं पुरे म्हणून
नुसती चालू ढकलली कर्नलमध्ये.
पण ज्याला बाहेर पडायची वाट लिहिलेली नाही
ते मॉड्यूल बाहेर काढता येत नाही.
यादीत त्याच्या नावापुढे शब्द यायचा: पर्मनंट.
बाबासो कुंभोजकर चष्मा वर सारून वाचायचे,
"बावीस वर्षं झाली मला. ह्याला एका रात्रीत केलं?"

काही बदलायचं तर अख्खं मशीन पाडून उठवायचं.
तेवढी तीन मिनिटं बाबासो डोळे बारीक करून
लोखंडाच्या उजेडात बघत सांगायचे:
चौदाशे. चौदाशे दहा. थांब पोरी, अजून न्हाई.
मशीन उठलं की दोघांत चार अंशांचा फरक.
कोण चुकलं, ते आम्ही कुणी काढायचो नाही.

मग इरफान बसला लिहायला.
त्याचे आजोबा सायकलवर दगड बांधून
गंगावेशीत विळ्यांना धार लावायचे.
म्हणाला, मांडव उतरवतात तसं असतं हे,
शेवटी बांधलेली झालर पहिली सोडायची.
आधी टायमर, मग इंटरप्ट, मेमरी सगळ्यात शेवटी.
जे जे मागून घेतलंस, उलट्या पावलांनी परत दे.

मॉड्यूलचं नाव भट्टी, आणि माझ्या फायलीचंही मी भट्टीच ठेवलेलं.
भट्टीला भट्टी लागते, असं म्हणून
मेकनं ती फेरी मुकाट सोडून दिली.
इरफान खुर्चीवरून पडायचा राहिला हसून.
"तालमीचं नाव आणि पैलवानाचं नाव एकच ठेवलंस,
आता शड्डू कोण ठोकणार?"
म्हणून ती चालू झाली.

तरी जमेना. टायमर मी स्टॅटिक ठेवला होता,
माझ्या फायलीच्या उंबऱ्याआत.
जोडणी झाली, तपासणीत अडली:
ह्या नावाचं इथं कुणी राहत नाही.
मग आम्ही हेडर केलं, पाच ओळींचं.
एवढंच माझं तुला दिसेल,
एवढंच तुझं मला.

बाबासोंना हे समजावताना मी दमले, ते नाही दमले.
वरची पेटी, खालची पेटी, मध्ये दोन पिना, म्हणाले.
पिन हलली की माल वाकडा.
आणि बरोब्बर बसली तरी रेघ राहतीच ओतकामावर,
ती घासायला पोरं ठेवल्यात बाहेर.

मे महिन्यात इरफान होसूरला गेला.
रविवारी गेला; सोमवारी त्याच्या डब्याची पिशवी
खुंटीला तशीच होती, आत अर्धा कांदा.
मला काही बोलला नव्हता.

आज सेन्सर बदलायचा होता.
दोन्ही फायली जोडल्या, एकही इशारा आला नाही.
भट्टी आत घातली. मग, पहिल्यांदाच, हात जरा थांबवून
भट्टी बाहेर काढली.
मशीन उभंच. पंखा चालू. दिवा हिरवा.
लॉगच्या तळाशी एक ओळ आली, त्यानं कधी लिहून ठेवलेली,
आकडा नाही, पत्ता नाही:

भट्टी: येतो.

बाहेरून बाबासो ओरडले, किती झालं?
पडदा कोरा होता. म्हटलं, तुम्हीच सांगा.
ते बघत राहिले उजेडात.
सेन्सर डब्यात, डबा हातात,
मी मॉड्यूल परत आत घातलं,
काम काहीच नव्हतं,
आणि परत काढलं.