दानाची पिशवी

लांब दांड्याची, तांबड्या मखमलीची पिशवी
केपेंच्या इगर्जीत तेवीस वर्षं मीच फिरवतो.
हाताला कळतं कोण काय टाकतो.
नोट पडते तेव्हा आवाज नाही,
नाणं पडतं तेव्हा माणूस खाली बघतो.

त्या रविवारी पाद्री देण्याविषयी बोलले:
उजव्या हातानं द्यावं, डाव्याला कळू नये.
वर पंखा गरगरत होता, तिन्ही पात्यांवर
देणगीदाराचं नाव.
चालू असला की वाचता येत नाही, एवढंच.

पिएदादनं पिशवीत हात घातला
आणि जरा जास्तच वेळ आत ठेवला.

मागच्या खोलीत मोजायला आम्ही दोघे:
मी, आणि खजिनदार लिगोर बाब,
ज्याच्या भाटात पिएदाद मुंडकार.
घर तिचं, जमीन त्याची,
पडवीची भिंत चवथीच्या पावसात बसली
तेव्हापासून ती कुणाचीच नाही.

वाईट माणूस नव्हे लिगोर बाब.
नाताळाला तिच्या दारी तांदूळ पोचतात, तेल, केक.
तिचा घोव वारला तेव्हा पेटी त्यानंच दिली,
सागवानी, पितळी कड्यांची.
तेवढ्या लाकडात दोन दारं झाली असती.

दहाच्या वेगळ्या, विसाच्या वेगळ्या,
एक फाटकी पन्नासाची,
आणि चार घड्यांचा कागद.
त्यानं उघडला. मीही वाचला, समोरून, उलटा.
भिंत बांधण्यास जमीनमालकाची हरकत नाही.
खाली टिंबांची ओळ,
ओळीच्या टोकाला पेन्सिलीची फुली,
सही कुठं करायची ते कळावं म्हणून.
फुलीचा खालचा पाय लांबलेला.
खुरीस म्हणा हवं तर.

"हे दान नव्हे," तो म्हणाला.
"नव्हे," मी म्हटलं.
पुढचं सुचलं ते घरी, अंगावर पाणी घेताना:
की बाब, ह्या पिशवीनं आजवर तुमच्याकडे
सुट्या पैशांखेरीज मागितलंच काय?

मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेला मी,
हिशेब अजून मराठीतच लिहितो.
रोख चार हजार तीनशे बारा.
कागदाला रकाना नव्हता.
समासात लिहिलं: कागद, एक.
त्यानं चष्मा पुसला, कागद खिशात घातला.
पेनही त्याच खिशात असतं त्याचं.

आज शुक्रवार.
तिच्या पडवीला निळी ताडपत्री आहे,
चिरे आलेले नाहीत.
दोनदा गेलो त्या वाटेनं, उगीचच.
परवा पुन्हा पिशवी काढायची.
तोंडाशी उसवलीय थोडी, हात सहज जातो.
शिवायला घेतली होती.
राहू दे.