चोडणच्या गोठ्यातल्या दोघी

पहाटेच्या पहिल्या फेरीबोटीत मी, दोन गवंडी, एक स्कूटर,
आणि पिशवीत नळी, टॉर्च, जाळी बांधलेले कागदी पेले.
रायबंदरचा धक्का मागे सुटतो.
समोर चोडण अजून नुसता काळोख,
फक्त मानशीपाशी कुणाची तरी बत्ती हलते आहे,
ओहोटीच्या तोंडाला जाळं लावून बसलेली.

रुझारिन मायच्या गोठ्यात
गाय मला ओळखते, कुत्रा अजून नाही.
भिंतीला डोकं टेकून, पाठ वर उचलून
त्या बसलेल्या असतात, पोटं तांबडी, जड.
नळीचं एक टोक ओठांत धरून
मी एकेकीला हलकेच ओढून घेते, झोप न मोडता.
“जळारांची बाय आयली,” माय आतून सांगते.
कुणाला ते कळत नाही. घरात ती एकटीच असते.

अडचण अशी, की या दोघी आहेत.
पंखांवर तेच ठिपके, पायांना तेच पट्टे,
सोंडसुद्धा तेवढीच.
पुस्तकात दोघींना मिळून एकच नाव.
पण एक वाढते भाताच्या गोड्या पाण्यात
आणि दुसरी खाजनाच्या खाऱ्यात.
एकीच्या मागे नुसती खाज उरते.
दुसरीच्या मागून, पंधरा दिवसांनी, थंडी वाजून येते.

क्लेमेंतबाब अंड्यांवरून सांगायचे.
मादी जिवंत ठेवायची, ओल्या कागदावर घालेपर्यंत थांबायचं,
मग भिंगाखाली एवढ्याशा अंड्याच्या बाजूचे तरंगते पंखे
आणि त्यांवरच्या रेघा मोजायच्या:
एकीच्या विशीच्या आत, दुसरीच्या तिशीपुढं.
आणि घालायच्या आधीच मेली तर?
“मेल्यार आपलें नांव घेवन गेली,” एवढंच.

आता पणजीत, माडीवर, बुटाच्या खोक्याएवढं यंत्र आहे.
तांबड्याच्या पलीकडला, आपल्याला न दिसणारा उजेड
तिच्यावर तीन सेकंद पडतो.
थोडा ती पिते, थोडा परत करते,
आणि पडद्यावर रेघ उठते:
एक डोंगर, एक खिंड, मग लांबच लांब उतार.
दोघींच्या रेघा एकीवर एक ठेवल्या
तर सगळीकडे जुळतात.
फक्त उतारावर एका ठिकाणी
केसभर फट.

वेर्णेकर सर म्हणतात, हे अंगातलं पाणी, कातडीवरचं मेण.
मीठ या उजेडाला दिसत नाही.
मी मान हलवते.
पण खारी कुठली ते मला कधीकधी
रेघेआधीच कळतं, आणि कशावरून ते सांगता येत नाही.

यंत्र वयही सांगतं.
एकदा सर जेवायला गेले असताना
मी माझी करंगळी धरली त्याच्यासमोर.
ते जरा थांबलं. मग म्हणालं:
खारी. नऊ दिवस.
मी एकटीच हसले, आणि ते पुसून टाकलं.

गेल्या बुधवारी क्लेमेंतबाब जिना चढून आले,
दर पायरीला थांबत,
काखेत सिगारचा जुना डबा.
आत एकतीस जणी, टाचण्यांवर,
खाली त्यांच्याच बारीक अक्षरात तारीख, गोठा, गाव,
आणि नावाच्या जागी रेघ.
अंडी न घालता गेलेल्या.
“घाल तुज्या उजवाडांत,” ते म्हणाले.

दुपारभर घातल्या. बारा गोड्या, अठरा खाऱ्या.
प्रत्येकीला ते पेन्सिलीनं नाव लिहीत गेले,
उजवा डोळा मिटून, कारण तो आता कामाचा नाही.

एकतिसावीची रेघ उठली
आणि कुठल्याच रेघेला चिकटली नाही.
पुन्हा ठेवली. पुन्हा तसंच.
सर म्हणाले, चाळीस वर्षं सुकलेली, दुसरं काय.
क्लेमेंतबाबांनी पेन्सिल खाली ठेवली.
“की तिसरी?”

डबा माझ्याकडेच राहिलाय.
तिच्या चिठ्ठीवर गाव चोडण, गोठा मायचाच,
तेव्हा तिची सासू असेल तिथं.
उद्या पहाटे मी टॉर्च घेऊन
त्याच भिंतीशी उभी असेन, आणि या वेळी
वासराच्या बाजूचा कोपराही बघेन,
जिथं आजवर कधी वाकले नाही.